काशीमावशीच्या पायाचं बोट

सोम. ३ नोव्हें.
दवाखाना तुडुंब. दिवाळीच्या फराळाचा निकाल लागायचा हा आठवडा, ज्याला त्याला ॲसिडिटी नाहीतर शुगर. सुकापूरच्या एका तरुण इंजिनियरला साध्या सर्दीसाठी अँटिबायोटिक हवं होतं, कारण मागच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं आणि लगेच गुण आला. म्हटलं, न घेताही आला असता. तोंड पाडून गेला. जाऊ दे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कमावली, नाही म्हणणं आता जड जात नाही.

शेवटी काशीमावशी. उरणकडून पहाटे मासे घेऊन येते, इथल्या बाजारात विकते, बाजार उठला की माझ्याकडे. म्हणजे माझं जेवण लांबणार हे ठरलेलं. गणपतीच्या सुमारास शिंगाळा माशाचा काटा रुतला डाव्या पायाच्या बोटात, जखम अजून भरत नाही. भरणार कशी? उपाशीपोटी शुगर तीनशेच्या वर. ऑगस्टपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे, मी डोस वाढवतेच आहे, शुगर ढिम्म. गोड खाल्लंस का, विचारलं. नाही. करंजी? नाही. भात? दोन घास. मी चष्म्यावरून बघितलं. हे दोन घास मी जन्मभर ऐकत आलेय.
डोस पुन्हा वाढवला.

बुध. ५
मावशीला साठेकडे पाठवलं होतं. साठे म्हणजे कॉलेजातला माझा ज्युनिअर, आता मोठा सर्जन, पण मला अजून घाबरतो. त्याचा फोन आला. बोटाचं टोक काळवंडतंय. शुगर खाली आली तर वाचेल, नाहीतर काढावं लागेल, आणि थांबत बसलो तर बोटावर भागणार नाही. महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाला.

संध्याकाळी तिच्या मुलाचा, मंगेशचा फोन. बंदरात कामाला आहे. फोनवर सगळं वाचून बसला होता, ॲपला विचारलं म्हणे, ॲप म्हणतं डोस चुकतोय. मोठ्या हॉस्पिटलात नेऊ का? डोकं फिरलं. ॲपने बघितलाय का तिचा पाय? पण मोठ्याने म्हटलं, जरूर ने, मी चिठ्ठी देते. आणि ते मनापासून म्हटलं, कारण मलाही कळेनासं झालंय. त्यालाच पुन्हा संकोच वाटला. आई तुमच्याशिवाय कुठे येणार नाही म्हणाला.

रवि. ९
पळस्प्याजवळच्या हॉटेलात डॉक्टरांची सभा. विषय वजन कमी करायची नवी इंजेक्शनं. वक्ता मुंबईचा, स्लाइड सुंदर, पनीर त्याहून सुंदर. निम्मे जण पेशंटसाठी ऐकत होते, निम्मे स्वतःच्या पोटाकडे बघत. मीही दोन प्रश्न विचारले, खोटं कशाला बोलू.

जेवताना वक्त्याला गाठून मावशीची केस सांगितली. तो हसला. म्हणाला, मॅडम, इन्सुलिन चालत नाही असं कधी नसतं, पेशंट घेत नाही असं असतं.

घरी येऊन विकासला सांगितलं, मावशी खोटं बोलतेय. नवरोबा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला, "तिला काय गरज? बोट तिचं आहे." बँकेत जन्म गेला, वैद्यकीय मतं मात्र तयार. चिडचिड झाली. बरोबर असेल म्हणून जास्त.

मंगळ. ११
आज विचारलंच. मावशी, सुई रोज घेतेस का चुकवतेस? माझ्यासमोर भरून दाखव, म्हणत नुसत्या पाण्याची बाटली हातात दिली. तिने सिरिंज भरली, चिमटीत कातडी धरली, सगळं चोख. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी खोटी बोलतंय असा वाटतंय ना तुमाला?"
मी शुगरचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. तेच उत्तर झालं. पाटी उचलून गेली, येते म्हणाली नाही. अशी ती कधी जात नाही.
वाईट वाटलं. पण शुगरचा आकडा तर खोटा नाही ना. मग खोटं कोण?

रवि. १६
घरी येऊन थेट लिहायला बसले.

सकाळी रंजनाचा फोन. मावशीची मुलगी, करंजाड्याला असते, काल तिच्या बाळाचं बारसं होतं म्हणून मावशी तिथेच राहिलेली. आईला दरदरून घाम सुटलाय, थरथरतेय, काहीबाही बोलतेय. म्हटलं, शुद्धीवर आहे ना, गिळतेय ना, मग आधी साखरेचं पाणी पाज, प्रश्न नंतर. विकासने गाडी काढली. पोचलो तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसलेली, डोळे माझ्यावर ठरत नव्हते. शुगर पन्नासच्या खाली. तीही साखर पाजल्यावर! पुन्हा साखर, मग पोळी-भाजी. दुपारपर्यंत हललो नाही, मी सारखी रक्त तपासत होते. शेवटी मावशी बारशाच्या जेवणात मीठ कमी होतं म्हणून रंजनाला बोलू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग डोकं चालायला लागलं. तोच डोस, तीच सुई, तोच हात. तिकडे शुगर तीनशे, इकडे पन्नास. वेगळं काय केलंत? काही नाही. खाणं? उलट जास्तच. रंजना म्हणाली, बाटली तेवढी नवी, आई तिची घरीच विसरली म्हणून खालच्या मेडिकलमधून आणली, फ्रिजच्या दारात ठेवली.
आणि घरची बाटली कुठे असते, मावशी?
"पेटीन."
कुठल्या पेटीत?
"मावऱ्याच्या. बर्फान." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमीच बोललाव ना, थंड ठेव? लाईट जाते, फ्रिजचा काय भरवसा हाय? बर्फान मावरं टिकतंय, तं औषध नाय टिकनार?"

मासळीच्या पेटीत कारखान्यातून आलेला ताजा बर्फ, वर खडेमीठ, म्हणजे शून्याच्याही खाली, त्यात खोल पुरलेली बाटली. पहाटे घरून निघते, सकाळची सुई बाजारातच घ्यायची, म्हणून बाटली तिच्याबरोबर रोज त्याच पेटीत. काय चुकलं तिचं? आयुष्यभर जे टिकवायचं ते तिने बर्फातच टिकवलंय. मंगेशने घरून बाटली आणून दाखवली. काचेला आतून पांढरे कण चिकटलेले, ओल्या डब्याला पीठ चिकटतं तसे. एकदा गोठलं की इन्सुलिन मेलं. मी तीन महिने मेलेल्या औषधाचा डोस वाढवत होते, आणि जिवंत बाटली हातात आल्याबरोबर तो सगळाच्या सगळा डोस तिच्या अंगात गेला. रंजना घरात नसती तर? पुढचं लिहवत नाही.

मावशी खोटं बोलत नव्हती. एक शब्द खोटा नव्हता.

सोम. १७
डोस एकदम खाली आणला, नव्या बाटलीवर. चालू बाटली बर्फात नको, उन्हात नको, महिनाभर पिशवीच्या आतल्या कप्प्यातही चालते. शिल्लक असलेली घरच्या फ्रिजच्या दारात. इतकं सोपं. हे ऑगस्टमध्ये सांगायला मला किती वेळ लागला असता? बाहेर गर्दी होती, 'थंड ठेव' म्हटलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

मंगेशला सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं सांगणं अर्धवट होतं, हेही. आजकाल कुठल्या वाक्यावर कोण दवाखान्याची काच फोडेल सांगता येत नाही, माझ्या मदतनीस शोभाने तर घाबरून केबिनचं दार उघडंच ठेवलं होतं.  त्याने एवढंच विचारलं, बोट वाचेल का आता? म्हटलं, आता निदान वाचायची शक्यता आहे. मान हलवून गेला.

गुरु. २०
आता इन्सुलिनवाला प्रत्येक पेशंट माझ्या तावडीत. बाटली कुठे ठेवता? एकजण टीव्हीवर. खांदा कॉलनीचे एक रिटायर्ड प्राध्यापक चक्क फ्रीझरमध्ये, आईस्क्रीमशेजारी, आणि वर मलाच समजावत होते. शोभा म्हणते मॅडमनी फ्रिजची जनगणना काढलीये. हसू द्या. इतक्या वर्षांनी नवा प्रश्न विचारायला मिळाला, मला मजा येतेय. संध्याकाळी विकासबरोबर वडाळे तलावाला दोन चकरा मारल्या. पाय दुखले, बरं वाटलं.

मावशीची शुगर एकशे ऐंशी. ऑगस्टपासून पहिल्यांदा दोनशेच्या आत.

बुध. २६
साठेकडे मी स्वतः गेले मावशीबरोबर. दुपारचा दवाखाना बंद ठेवला, शोभाने दारावर पाटी लावली. जखमेच्या कडा गुलाबी दिसतात. टोक मात्र काळंच. साठेने उलटसुलट बघितलं, आज कापत नाही म्हणाला. पुढच्या बुधवारी पुन्हा दाखवा. वचन काही दिलं नाही, आणि देऊ नये हे मलाही कळतं.

बाहेर बाकावर पट्टी सांभाळत मावशीने विचारलं, बोट ऱ्हाईल ना? तोंडाशी आलं होतं, हो हो, राहील. म्हटलं, मला माहीत नाही गं.
तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.
"नाय म्हायती तं नाय म्हायती," म्हणाली. "पन आता माजा बोलना खरा वाटतंय ना?"
हो म्हटलं. दोनदा म्हटलं. मग ती माझ्या खांद्यावर हात टेकून उठली आणि आम्ही दोघी रिक्षा बघायला फाटकापर्यंत चालत गेलो, तिच्या चालीने.