गौरीच्या घारग्यांचा भोपळा

रविवार, १८ मे

आणलं: लाल भोपळ्याचं बी, एक पाकीट, ४० रु. शेणखत पाच किलो, १२० रु. कुंडी घेतली नाही, तांदळाची जुनी गोणी आहे. सुतळी घरची.

संकल्प: यंदा गौरीचे घारगे घरच्या भोपळ्याचे. गेल्या वर्षी ह्यांच्या मोठ्या बहीण, चंद्रप्रभा वन्सं, पुण्याहून आल्या होत्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, दिल्लीत काय बाई, सगळं विकतचंच. यंदाही येणार. त्यांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र टाकलं: भोपळा घरचा असेल.

शुक्रवार, ४ जुलै. सकाळी ६

वेल कठड्यावर चढला. एक फाटा खालच्या मजल्यावर निधीच्या बाल्कनीत उतरलाय. तिच्या घरात देव्हारासुद्धा नाही. फाटा वर ओढून घ्या, असं ह्यांना सांगितलं.

पहिलं फूल आलं. पिवळंधमक. पहिलं देवाचं, म्हणून दत्ताला वाहिलं.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. सात फुलं. फुलवाल्याची वीस रुपयांची पुडी बंद केली.

फुलं दोन तऱ्हेची दिसतात. काहींच्या मागे बोराएवढा भोपळा असतो. त्यांना हात लावत नाही, मी काय वेडी आहे? दुसरी लांब देठाची, नुसती मिरवणारी, काडीचा उपयोग नाही. ती देवाला. ह्यांना फरक समजावून सांगितला तर म्हणाले, म्हणजे मी दुसऱ्यांतला.

शनिवार, १९ जुलै

तीन बोरं पिवळी पडून गळली. दृष्ट. समोरच्या सुरेखाबाई परवा 'वेल छान' म्हणाल्या होत्या. मीठ-मिरच्या ओवाळल्या.

सोमवार, २८ जुलै

आणखी पाच गळली.

हेमांगीने, म्हणजे सूनबाईंनी, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. म्हणे लांब देठाची ती नर फुलं. सकाळी त्यातलं एक घेऊन मादी फुलाच्या आत फिरवायचं, तरच भोपळा धरतो. हे सासऱ्यांसमोर. मी म्हटलं, मीही मॅट्रिक आहे, परागीभवन पाठ होतं मला. ते मधमाशांचं काम, सोवळ्यातल्या बाईचं नाही.

"आई, मधमाशी येईपर्यंत तुमची परडी भरलेली असते. फुलं राहू द्या ना, यार."

सासूला यार.

संकल्प: श्रावणभर रोज अकरा फुलं. देव पावला की वेलही पावेल.

बुधवार, ६ ऑगस्ट

वाहिली: एकवीस. गळली: चार. अकरा कमी पडत होती म्हणून वाढवली.

चूक खताची. भेसळ. खतवाल्याला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, माताजी, पत्ते तो देखो. पानं ताटाएवढी आहेत हे खरं. पण घारगे पानांचे करतात का?

संकल्प: उद्यापासून पाच वाजता उठणे. उशीर झाला की फुलांवर भुंगे बसतात, मग ती देवाला उष्टी.

बुधवार, २० ऑगस्ट

गौरी अकरा दिवसांवर. वेलावर भोपळे शून्य.

संध्याकाळी निधी डबा घेऊन वर आली. आपल्या वेलाला तिच्या बाल्कनीत भोपळा लागला होता म्हणे, चांगला दोन किलोचा. वेल आपला, म्हणून अर्धी भाजी आपल्याला. लसूण घालून. श्रावणात लसूण.

सहज विचारलं, खत कुठलं घातलंस?

"कुछ नहीं आंटी. बस, फूल नहीं तोड़े. अच्छे लगते थे."

हेमांगी उठून आत गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. ह्यांनी भाजी दोनदा घेतली. तो फाटा वर ओढायला सांगितला होता, तो ह्यांनी ओढलाच नव्हता. आळस, दुसरं काय.

वन्संना पत्र, कच्चं:

ती. वन्संना सा. न. यंदा वेलाला देवाच्या कृपेने अपार बहर आला. भोपळाही धरला, पण शेजारधर्म म्हणून तो दिला. तरी येताना पुण्याहून लहानसा भोपळा आणता येईल का? विकतचा चालेल. फुलं आणू नयेत, इथे पुष्कळ आहेत. भोपळ्याचं तेवढं उलट टपाली कळवावं.