टपापेक्षा लांब फळ्या

पुंता सेका,
९ फेब्रुवारी १९९७

ती. स्व. एवारिस्तोमामास,
यादिराचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होते, हे आधीच कबूल करते. पहिल्यांदा पेन नव्हतं. पेन मिळालं तर समोरून देवमासे चालले होते, आणि देवमासे चालले असताना कोण खाली मान घालून लिहील? मग वाटायला लागलं की इतके दिवस लिहिलं नाही तर आता कुठल्या तोंडाने लिहू. तुझी जीप चार दिवसांसाठी म्हणून नेली आणि नाताळसुद्धा होऊन गेला. जीप ठणठणीत आहे. मागचा एक दिवा फुटलाय, पण तो बकरीने फोडला. बकरीचं सगळं प्रकरण सवडीने लिहीन.

मुद्दा असा की मला काम मिळतंय. इथे किनाऱ्यावर दोन्या ओफेलिया नावाच्या बाईंच्या भाड्याच्या सहा खोल्या आहेत. तिथून उत्तरेच्या टोकापर्यंत माणसं आणि लांब फळ्या पोचवायच्या. मोठ्या गाड्या वाळूत रुततात, आपली जीप बेडकासारखी टुणटुण जाते. ईस्टरच्या आठवड्यात तीन फळ्या ओरखडा न येता पोचवून दाखवल्या तर ऑक्टोबरपर्यंत हंगामभर काम माझं, नाहीतर बाई ट्रॅक्टरवाल्या चेमाला सांगणार. मामा, हे काम मला हवंय. याआधी मला कुठलं काम हवं होतं असं मला आठवत नाही. तुलाही आठवणार नाही.

अडलंय ते कॅरियरवर. फळ्या नऊ-दहा फुटी आणि जीपचं टप ते केवढंसं. एका पाहुण्याने फोमच्या दोन उशा दिल्या होत्या, टपावर ठेवून पट्टे दारांतून आत ओढायचे. ओढले. वाऱ्याने पट्टे असे गुणगुणायला लागले की वाटेत तीन कुत्री मागे लागली, आणि फळीचं पुढचं टोक पतंगासारखं वर. एन्सेनादाच्या दुकानात दोन आडव्या दांड्यांचं मिळतं, टपाच्या पन्हाळीला चिमट्याने बसवायचं. पण टपच तोकडं, दांड्या जवळजवळ येतात आणि फळी पेल्यावर परात ठेवल्यासारखी डुलते. तिसरा उपाय म्हणजे तू आणि तुझं वेल्डिंगचं यंत्र.

बाकी मजेत. सकाळी लाटांवर उभं राहायला शिकते. सध्या पडायला पक्की शिकलेय. मासळीचा ट्रक दर बुधवारी मेहिकालीला येतो, उत्तर त्याच्याकडेच दे. चायोमामीला नमस्कार. लोभ आहेच, तो जीपसकट असू द्यावा.

तुझी भाची,
यादिरा

मेहिकाली,
१८ फेब्रुवारी १९९७

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा मोठ्याने चायोने, खिडकी उघडी ठेवून, त्यामुळे गल्लीला आता सगळं ठाऊक आहे. केस कापायचा वर्ग अर्ध्यात सोडलास, बेकरी सोडलीस, दातांच्या डॉक्टरकडची नोकरी जेवणाच्या सुट्टीत सोडलीस. आणि आता फळ्या वाहतेस म्हणजे कुठेतरी काहीतरी बांधलं जातंय. माणसं न्यायची म्हणतेस, ते सुतार असणार. चायोचं म्हणणं की तिथे तुझंही एक घर उभं राहतंय आणि लाजेपायी तू लिहीत नाहीस. खिडकी समुद्राकडे घे असा तिचा निरोप आहे. शेजारच्या तेन्चाने पडद्याचं माप विचारलंय.

कॅरियरचं म्हणशील तर टपाचा नादच सोड. टप उन्हासाठी असतं, वजनासाठी नाही. दोन आधार जितके लांब तितकी फळी मुकाट बसते. म्हणून मी पुढच्या बंपरवरून दोन खांब उभे केलेत आणि मागे स्टेपनीच्या मागून दोन. वरून दोन्ही बाजूंना लांब पाइप आणि तीन आडवे. टपाला कुठेही टेकणार नाही. दहा फुटी फळी पुढून-मागून जराशीच बाहेर राहील. तिला लाल फडकं बांध. नट घट्ट कर, दुसऱ्या दिवशी परत घट्ट कर. ट्रकवाल्याला सांगितलंय, कोळंबीखाली दाबू नकोस.

फळ्या नीट वाळलेल्या बघून घे. ओल्या लाकडासारखं फसवं काही नाही. मेहिकालीत सगळे खुशाल. रविवारी चिनी हॉटेलात तुझ्या नावाने एक प्लेट जास्त मागवली आणि मीच खाल्ली. आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापर.

तुझा,
एवारिस्तोमामा

पुंता सेका,
४ मार्च १९९७

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

कॅरियर पोचलं. कोळंबीखालीच आलं, पण धुतलं. चार नट आणि अर्धी सकाळ, बसलंसुद्धा. दोन्या ओफेलिया भोवती दोन चकरा मारून म्हणाल्या की जीपला आता शिंगं फुटली. चेमा ट्रॅक्टर थांबवून बघत बसला, आणि ट्रॅक्टरला असं काही बसतं का म्हणून विचारून गेला. मी म्हटलं, मामाला विचारावं लागेल.

आता जे लिहायला हवं ते लिहिते. मध्ये एक पेलिकन स्वयंपाकघरात शिरला होता, नाहीतर सकाळीच लिहिणार होते. मामा, फळ्या लाकडाच्या नाहीत. लाटांवर उभं राहायच्या फळ्या आहेत त्या. आत फोम, वरून काचेसारखी कडक कातडी, ठोसा बसला की चीर पडते. त्यांना वाळवायचं नसतं, त्या ओल्या होण्यासाठीच असतात. सुतार कोणी नाहीत. येतात ते सीमेपलीकडचे पाहुणे, आणि रोज पाण्यात पडतात. घर नाही. खिडकी नाही. तेन्चाला पडद्याचं काय सांगशील ते तू ठरव.

गंमत बघ, तू इमारतीच्या फळ्या समजून बनवलंस म्हणूनच ते इतकं बरोबर झालंय. कुठलं दुकान बंपरवरून खांब उभे करणार होतं? लोखंड तेवढं उघडं होतं, त्याला मी जुना गालिचा कापून गुंडाळला आणि कोळ्यांच्या दोरीने शिवला. बोटं बघण्यासारखी झालीत.

तुला हे खेळ वाटणार, ठाऊक आहे. पण पहाटे उठून मी कोणी न सांगता नट घट्ट करते. माझ्याकडून असं कधी झालं होतं? ईस्टरपर्यंत तरी जीप राहू दे. माझ्यावर राग धर, पण पातळ धर.

यादिरा

मेहिकाली,
१३ मार्च १९९७

चि. यादिरास, आशीर्वाद.

घर नाही हे चायोला सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. गेले तीन रविवार मी चिनी हॉटेलात सांगत होतो की आमच्या पोरीचं बांधकाम सुरू आहे. हॉटेलवाल्याने कितवा मजला म्हणून विचारलं तेव्हा, अजून पायाच चाललाय, असंही मी म्हणालो. आता मी तिथे दुसऱ्या बाजूच्या टेबलावर बसतो.

जीप मी कामासाठी राहू दिली होती. माणसांना समुद्रात पाडायला नाही. ईस्टर संपला की सोमवारी जीप इथे आणून लाव. यावर पत्र नको.

एवारिस्तो

ता. क. फळीची खालची बाजू सपाट असते की गोल, हे तू लिहिलंच नाहीस. गोल असेल तर सरळ पाइपवर ती एकाच रेघेवर टेकत असणार, आणि तिथेच दबणार. रुंदी किती? पुढचं टोक दोन दोऱ्यांनी बंपरला उलट्या व्हीसारखं बांध, म्हणजे वाऱ्याने उचलणार नाही. हे फक्त जीपच्या काळजीपोटी लिहिलंय.

पुंता सेका,
२९ मार्च १९९७

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र नको म्हणालास, पण तू प्रश्न विचारले होतेस आणि उत्तर न देणं बरं दिसत नाही. खालची बाजू गोल असते, थोडीशीच, परातीच्या बुडासारखी. रुंदी दोन फुटांच्या आत. मधल्या पाइपवर एक फळी दबत होती खरी, म्हणून तिथे गालिचा दुहेरी केला. तुला हे इथे न येता कसं कळलं?

परवा गुरुवारी खेप झाली. तीन फळ्या. त्यातली एक मिसेस हॅलोरन म्हणून पांढऱ्या वेणीच्या बाईंची, दहा फुटी, त्यांच्या बहिणीने हाताने घडवलेली. बहीण आता नाही. बाईंचा जीपवर विश्वास बसेना. मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या की तू चालव, मी शेजारून चालते. मग आमची वरात निघाली. मी पहिल्या गिअरमध्ये, त्या फळीवर हात ठेवून शेजारी, आणि मागे तीच ती बकरी. पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर जीप दाढ दुखत असल्यासारखी थरथरली, वाळूच्या चढावर वारा समोरून आला, आणि फळी हलली नाही. तुझ्या दोन दोऱ्या ताणल्या आणि गप्प बसल्या. चढ संपल्यावर बाईंनी हात काढला, दार उघडून आत बसल्या आणि टोकापर्यंत शीळ घालत आल्या. दुपारी त्या फळीवर त्या उभ्या होत्या, मामा. चहाची वाट बघत उभं राहावं तशा, एक हात कमरेवर.

संध्याकाळी दोन्या ओफेलियांनी प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवला. कुठे काही सापडलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. मग म्हणाल्या की ऑक्टोबरपर्यंत तू, आणि चेमाला मी सांगते. मी हो म्हणाले नाही. सोमवारी जीप तुझ्या दारात लावायची आहे, आणि जीपशिवाय मी इथे कोण? नट सैल करायला घेतले होते, दोन निघाले, मग हात थांबला. तरी जीप आणते, शब्द दिला नसला तरी आणते. कॅरियर मात्र काढत नाही, मेहिकालीत लोकांना बघू दे. परत कशी यायची ते तिथून बघीन. पायी आले तर पावसाळ्यापर्यंत पोचेन, आणि इथे पाऊस पडत नाही.

थांब, मासळीचा ट्रक वाजतोय. आज बुधवार नाही, शनिवार आहे.

मामा, मी खिडकीतून बघत लिहितेय. ट्रकमधून एक जाडा माणूस उतरलाय, कामाचे बूट, डोक्यावर चायोमामीची उन्हाची हॅट. माझ्याकडे न येता तो थेट जीपकडे गेला. दोन्ही हातांनी खांब हलवून बघितला, मी काढलेले दोन नट वाळूतून उचलले, माझ्या नावाने काहीतरी पुटपुटला. आता शेजारी दोन स्टुलांवर आडव्या ठेवलेल्या मिसेस हॅलोरनच्या फळीखाली उताणा पडून तिच्या पोटावरून हात फिरवतोय. ट्रकवाला मागून तुझं वेल्डिंगचं यंत्र उतरवतोय, वाकवलेले तीन पाइप उतरवतोय, माझं उत्तर मिळायच्या आधीच परातीच्या बुडासारखे वाकवलेले. आणि तू पडल्या पडल्या दोन्या ओफेलियांना विचारतोयस की इथल्या जनरेटरवर वेल्डिंग चालेल का, आणि ऑक्टोबरपर्यंत खाऱ्या हवेत टिकायला कुठला रंग मिळतो.

पत्र हातातच देते. आधी कॉफी ठेवते.

यादिरा