मे महिन्यातली हाउसबोट

६ मार्च १९८२
हे ऑफिसातून आले ते फोटो घेऊनच. ह्यांच्याबरोबरच्या कौलसाहेबांच्या मेव्हण्याची हाउसबोट, श्रीनगरला, दल सरोवरात. नक्षीचं लाकूड, खिडक्यांना पडदे, पुढच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मे महिन्यात आमच्या मुक्ताला शाळेची सुट्टी लागली की जायचं. भाऊजीही, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ वसंत, जाऊबाई आणि मुलं घेऊन पुण्याहून परस्पर जम्मूला येणार. सगळं ठरवूनच आले होते.

मुक्ता फोटो सोडेना. हे तिला म्हणाले, तिथे तुला पोहायला शिकवतो, मी तुझ्याएवढा असताना कृष्णा एका दमात पार करायचो. मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची करपली.

८ मार्च
महिना झाला, लिहायचं टाळतेय. आज लिहून टाकते.

फेब्रुवारीतली सकाळ. मुक्ता शाळेत गेलेली. हे व्हरांड्यात चहा घेत बसले होते. आधी कप पडला, मग हे. अंग लाकडासारखं ताठ, मग हातपाय झटके देऊ लागले. ओठ निळे. जीभ चावली गेली, रक्त. मी डोकं मांडीवर धरून बसले. थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, आज रविवार ना? नव्हता. मग दुपारपर्यंत झोपले. ऑफिसात पित्त म्हणून कळवलं. मुक्तालाही तेच सांगितलं.

रेल्वेच्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, म्हणून अमीनाबादच्या बाजारात डॉ. निगमांच्या दवाखान्यात नेलं. ते म्हणाले, फिट. मागे रुळांवरच्या तपासणीची ट्रॉली उलटून डोक्याला लागलं होतं, त्याचंच असणार. गोळ्या रोज घ्यायच्या. स्कूटर नको, उंचावर चढणं नको, खोल पाणी नको, न्हाणीघराला आतून कडी नको.

परतताना रिक्षात हे एवढंच बोलले, "कोणाला कळता कामा नये. मला पुलावरून उतरवतील आणि फायलींपुढे बसवतील."

रेल्वेत पुलांचा इंजिनियर माणूस. बावीस-तेवीस वर्षांचा होता तेव्हापासून पुलांच्या लोखंडी गर्डरांवरच आहे.

१५ मार्च
होळीचा रंग अजून नखांतून जात नाही. ट्रंक उघडून गरम कपडे उन्हात घातले. ह्यांचा कोट सैल होतोय. म्हणाले, श्रीनगरला खानसामा चांगला आहे म्हणे, भरेल परत.

गोळ्यांचं पाकीट कपाटात शर्टांखाली सापडलं. जवळजवळ भरलेलंच. विचारलं तर म्हणाले, घेतल्या की दिवसभर झापड येते. गर्डरवर डोळा लागला तर? बरोबरही आहे ते. आणि नाहीही.

२६ मार्च
पाडवा. गुढी उभारली. शेजारच्या मिश्राबाई दरवर्षीप्रमाणे विचारायला आल्या, भाभीजी, यह लोटा उल्टा क्यों. श्रीखंड दिलं.

संध्याकाळी कौलसाहेबांकडून पुण्याला ट्रंककॉल. भाऊजी खुशीत. म्हणाले, "वहिनी, पाण्याची मला मुळीच धास्ती नाही. दादा आहे ना. पोरांना त्याच्या ताब्यात देऊन मी नुसता लोळणार आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे शेजारी उभे, रिसीव्हरला कान लावल्यासारखे. मी म्हटलं, चिवडा आणि बेसनाचे लाडू करून आणते. लाइन कटली.

२ एप्रिल
आज धीर करून विषय काढला. मसुरीला जाऊ या म्हटलं. थंड हवाच हवी ना, तिथेही मिळेल. कौलसाहेबांना कळवून टाका.

आधी हसले. मग हसू गेलं. "तुला मला पाण्यापासून लांब ठेवायचंय. उद्या म्हणशील जिन्यावरून उतरू नका." मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले ते सांगतेय. म्हणाले, डॉक्टरने एकदाच पाहिलंय मला, तेही खुर्चीत बसलेला. जेवले नाहीत. मुक्ता आतल्या खोलीत अभ्यास करत होती की नव्हती, कोण जाणे. रेडिओ एकदम मोठा झाला.

मसुरीचा विषय संपला.

९ एप्रिल
हे घाघरा नदीवरच्या पुलाच्या तपासणीला गेलेत. परवा येतील. नोकरीवर, ग्रंथालयात, दिवसभर पुस्तकांना नंबर टाकले, दोनदा चुकले. आमच्या ग्रंथपाल बाईसाहेब म्हणाल्या, तबीयत ठीक है? हो म्हटलं.

तळ्याची भीती मी बोलून दाखवते. पुलाची दाखवत नाही. तळ्यावर आठ दिवस जायचंय. पुलावर हे रोजच असतात. तिथे हाताखाली माणसं असतात, ती ह्यांच्या शब्दावर वर चढतात. हा विचार आला की पुढचा करवत नाही.

११ एप्रिल
आले. सुखरूप. उन्हाने रापलेत. येताना खरबुजं आणलीत. मुक्ताला पुलाच्या गोष्टी सांगत होते, नदी कशी पात्र बदलते ते. छान सांगतात. मी ऐकत बसले आणि मध्येच वाटलं, काही झालंच नसेल. एकदाच झालं असेल आणि संपलंही असेल.

१८ एप्रिल
संपलेलं नाही.

कौलसाहेबांच्या मेव्हण्याकडे काहीतरी न्यायला हवं, म्हणून चिनहटच्या मातीच्या बरण्या आणू या असं मी आज म्हटलं. मागच्या महिन्यात मुक्ता आणि हे स्कूटरवर चिनहटला गेले होते, पण रिकाम्या हाताने आले होते, दुकानं बंद होती म्हणून. मुक्ता एकदम म्हणाली, मैं नहीं जाऊँगी. का म्हणून विचारलं. मग रडायला लागली.

मग एकेक सांगितलं. दुकानं बंद असल्याचं खोटंच होतं. फैजाबाद रोडवर स्कूटर सरळ जाता जाता कडेला वळायला लागली. हिने हाक मारली, पापांनी वळून पाहिलं नाही. ओठ चावल्यासारखे हलत होते, डोळे उघडे. स्कूटर रस्ता सोडून उतारावर गेली आणि गवतात पडली. मागून ट्रक येत होता, तो निघून गेला. हे जरा वेळाने उठले, हिला म्हणाले, अरे, गिर कैसे गए? तिचा गुडघा फुटला होता. मला तिने बास्केटबॉलचं सांगितलं होतं. मीच हळद लावली होती.

"पापा ने कहा था आई को मत बताना, टेंशन होगा।" डोळे पुसून पुढे म्हणाली, "और आप भी तो मुझसे छुपाती हो. फरवरी में क्या हुआ था, मुझे पता है। मिश्रा आंटी ने बरामदे से देखा था।"

एका घरात तिघं राहतो. तिघांना माहीत होतं आणि तिघं एकमेकांना जपत होतो. मिश्राबाईंनाही माहीत.

१९ एप्रिल
ग्रंथालयातून लवकर निघून एकटीच डॉ. निगमांकडे. म्हातारे, शांत गृहस्थ आहेत. स्कूटरचं सांगितलं. म्हणाले, तीही फिटच, वेगळ्या तऱ्हेची. गोळ्या सोडणं फार वाईट. झापड येते तर मात्रा बदलून देतो, पण त्यांनी यायला पाहिजे.

मी विचारलं, रेल्वेला तुम्ही कळवाल का? म्हणाले, "बेटी, मरीज़ की बात मैं बाहर नहीं कह सकता। कहना उन्हीं को पड़ेगा।" हाउसबोटीचं विचारलं. पाण्यात उतरायचंच असेल तर पोहता येणारं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्याला सगळं माहीत हवं.

माहीत असणाऱ्या आम्ही दोघी. पोहता दोघींनाही येत नाही.

२४ एप्रिल
स्टेडियमचा पोहण्याचा तलाव उन्हाळ्यासाठी उघडला. सकाळची वेळ बायकांची. मी आणि मुक्ताने नाव घातलं.

सलवार-कुर्त्यात उतरले. कुर्ता फुग्यासारखा वर आला. काठावरच्या कॉलेजच्या मुली हसल्या, हसू देत. शिकवणाऱ्या मिसेस लाल म्हणाल्या, अम्मा, पहले साँस छोड़ना सीखिए. एकेचाळीस वर्षांच्या बाईला श्वास सोडायला शिकवतात. डोकं पाण्याखाली घातलं आणि घाबरून मुक्ताचा दंड असा पकडला की वळ उठले.

ह्यांना सांगितलं, गंमत म्हणून जातोय.

३ मे
मुक्ता पाण्यावर तरंगते. मी बुडते. मिसेस लालच्या मते मी पाण्याशी भांडते.

हे मात्र खूश. वाळत घातलेले ओले कपडे पाहून शीळ घालतात. कौलसाहेबांना सांगितलं, हमारी मिसेज़ तैयारी कर रही हैं. त्यांना वाटतं मला सहलीची हौस आली. स्कूटर मात्र बाहेर काढत नाहीत. विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मुक्ताने काही बोलून दाखवलं असेल का?

जम्मूचे पास आले. आरक्षण झालं. लाडवांसाठी बेसन भाजलं, घरभर वास.

९ मे
आज कोणाचा हात न धरता पोहत गेले! चार हात मारले असतील, काठ आला. मिसेस लालने टाळी वाजवली.

जेवताना हे चेष्टा करत होते, श्रीनगरला तुझी आई माझ्याशी शर्यत लावणार. मुक्ता खाली मान घालून जेवत होती. मान वर न करता म्हणाली, "आई आपके लिए सीख रही है, पापा. आपको पकड़ने के लिए।"

हे ताटावरून उठले. भात तसाच. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली, चुकलं का म्हणून. मी तिला आमटी वाढली.

११ मे
दोन दिवस घरात नुसता पंख्याचा आवाज.

आज संध्याकाळी मी व्हरांड्यात मोगऱ्याला पाणी घालत होते. हे येऊन वेताच्या मोढ्यावर बसले. म्हणाले, "मला ते होतं तेव्हा काय दिसतं? सांग मला."

कधीच विचारलं नव्हतं. मी झारी खाली ठेवली आणि सांगितलं. कप, निळे ओठ, रक्त, रविवार. काही गाळलं नाही. स्कूटरचंही, मुक्ताने सांगितलं तसं, मागून आलेल्या ट्रकासकट. ट्रक ह्यांना माहीत नव्हता.

म्हणाले, "कुमुद, मला त्यातलं काहीच आठवत नाही. त्यामुळे ते मला झालंय असं वाटतच नाही. तुम्हीच घाबरून काहीतरी रचताय, असं वाटायचं."

मी शेजारी बसले. पुलावरच्या माणसांचं आज बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, रोज मनात येतं. मग वर चढल्यावर हवा लागते आणि विसरतो. तिथे मी कोणीतरी असतो, खाली काय आहे मी?

मिश्राबाईंकडे दिवे लागले. आम्ही अंधारातच बसलो होतो.

१२ मे
सकाळी चहाबरोबर गोळी घेतली. माझ्यादेखत. संध्याकाळी आपण होऊन डॉ. निगमांकडे गेले, रिक्षाने. मात्रा बदलून आणली.

भाऊजींना सांगा म्हटलं, निदान त्यांना. जम्मूला भेटल्यावर सांगतो म्हणाले. समोर बसून. फोनवर नाही.

सांगतील? जम्मूच्या फलाटावर भाऊजी मिठी मारतील, पोरं अंगाखांद्यावर चढतील, आणि दादा म्हणून सगळे ह्यांच्याकडे बघतील. अशा वेळी कोण सांगतं.

१५ मे
नवीनच निघालं. रेल्वेची ठराविक काळाने होते ती मेडिकल ह्यांची येऊन ठेपलीय. साहेबांनी रजेवर जाण्याआधी उरकून टाका म्हणून सांगितलं. परवा सकाळी. आणि परवा रात्रीचीच आमची गाडी.

डोळे, रक्तदाब, कान. आणि विचारतात म्हणे, चक्कर, फिट, बेशुद्धी? दर वेळी विचारतात. दर वेळी 'नाही' म्हणायचं असतं आणि ते खरंच असायचं.

मला जे म्हणायचं ते त्या संध्याकाळी व्हरांड्यात म्हणून झालं. मुक्ताने रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, सच बता दोगे तो छुट्टी कैंसिल हो जाएगी? हे म्हणाले, छुट्टी नहीं होती कैंसिल, और कुछ होता है. मग तिला जवळ ओढून तिच्या गुडघ्याची खूण अंगठ्याने चाचपली. ती उठून गेली नाही.

१७ मे
होल्डॉल अर्धा बांधलेला. लाडवांचा डबा, स्टोव्ह, कानटोप्या. कौलसाहेब बरण्या गुंडाळायला गवत देऊन गेले, चारबाग स्टेशनवर सोडायला गाडी पाठवतो म्हणाले. बरण्या शेवटी मी आणि मुक्ता बसने जाऊन आणल्या.

हे सकाळी साडेआठला निघाले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मेडिकलला जाताना कोणी इतका नीट भांग पाडतो का! मी फाटकापर्यंत गेले. रिक्षात बसताना म्हणाले, दुपारी खिचडी कर, बाकी काही नको.

एक वाजला, दोन वाजले. खिचडी निवली. मुक्ता उगीचच पुनःपुन्हा ट्रंक उघडत होती आणि बंद करत होती.

तीनच्या पुढे आले. चप्पल काढली, मुक्ताच्या डोक्यावर टपली मारली. मी पाणी दिलं. प्यायले.

"विचारलं त्यांनी," म्हणाले.

"मग?"

"मग काय. खिचडी गरम कर. आंघोळ करून येतो."

टॉवेल घेऊन गेले. चेहऱ्यावरून काही कळेना, पंचवीस वर्षांत कधी कळलं नाही. मी स्टोव्हवर खिचडी चढवली. मुक्ता दारात येऊन उभी राहिली, काहीतरी विचारणार होती. मी हातानेच थांब म्हटलं.

नळ सुटल्याचा आवाज आला. बादली सरकली. रोज वाजते ती न्हाणीघराची आतली कडी मात्र आज वाजली नाही. दार नुसतं लोटलेलं आहे.

खिचडी ढवळतेय आणि एका हाताने हे लिहितेय. गाडी रात्री आहे.