बारा आणि तेरा नंबरचे जिओफोन

३ फेब्रु., सोम.
परळच्या ऑफिसात गिरगावच्या चाळीच्या जमीन-तपासणीचं चित्र पडद्यावर लावलं. शेजारी टॉवरच्या तळघरासाठी खोल खड्डा खणायचाय, आणि चाळीखालची जमीन एकजात घट्ट दिसतेय. सगळे खूश. महाजन, आमचे साहेब: "इतकं स्वच्छ चित्र पहिल्यांदा पाहतोय." मीही. म्हणूनच खटकलं. गिरगावात भराव, वाळू, जुनी गटारं... तरी अहवालावर सही केली. जेवायची घाई होती. लाज वाटते लिहायला.

५ फेब्रु., बुध.
फील्डची वही काढली. पद्धत साधी. लोखंडी पाटीवर हातोडा मारायचा, हादरा ओळीत खिळ्यांनी जमिनीत रोवलेल्या चोवीस जिओफोनपर्यंत, म्हणजे कंपन टिपणाऱ्या डब्यांपर्यंत, किती वेळात पोचतो ते मोजायचं. भुसभुशीत जागी तो रेंगाळतो. पण त्या दिवशी चोवीस नव्हते, बावीसच. माझ्याच अक्षरात: "१२, १३ वगळले. पूजेची जागा."

आठवलं. चौकातली फरशी, हळदकुंकू, नारळ. चाळ कमिटीच्या सेक्रेटरी शैलाताई कमरेवर हात ठेवून: "इथे खिळे ठोकायचे नाहीत हां. खाली विहीर आहे आमची."

विहीर. स्पष्ट सांगितलं होतं बाईंनी. मी अदबीने मान डोलावली आणि "पूजेची जागा" लिहिलं. श्रद्धा तेवढी ऐकली, माहिती सोडून दिली. गाढव.

आणि ती रिकामी जागा भरली कशाने? माझ्याच मेथडने. शेजारच्या नोंदींवरून गाळलेली जागा भरायची. तीन वर्षं घातली तिच्यात, टाळ्या घेतल्या. ती घट्ट जमीन मी बनवलीय.

६ फेब्रु., गुरु.
महाजनांना सांगितलं. "दोनच जिओफोन रे! तुझीच मेथड, तुझाच विश्वास नाही?" वर हसले. "देवाच्या जागी खिळे ठोकायला कोण जाणार, तू?"

उत्तर लिफ्टमध्ये सुचलं. इथे लिहिण्यासारखं नाही.

चाळीत माणसं झोपतात, xxx. पण हा राग महाजनांवरचा किती, आणि माझ्यावरचा किती?

९ फेब्रु., रवि.
न विचारता ऑफिसचं यंत्र घेऊन गेलो. चूक आहे, नोंद करून ठेवतो. शैलाताईंना सगळं सांगितलं, सहीसकट.

"म्हणजे आम्ही सांगितलं ते ऐकलं नाहीत, आणि वर आमच्या विहिरीचा मान राखलात?"

"हो."

"शिक्षण किती तुमचं?"

त्यांनीच नमस्कार करून नारळ उचलला. "फरशीच्या सांध्यात घाला खिळे. चपला काढा आधी."

हातोडा मारताना गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "ओ, हळू! आमची चाळ आहे, तुमची पाटी नाय!"

बारा, तेरा: हादरा उशिरा. फारच उशिरा. खड्ड्यासाठी लावलेल्या पत्र्याच्या कुंपणापासून चार पावलांवर. पलीकडे खणलं की हा चौक खचू शकतो.

१० फेब्रु., सोम.
नवं चित्र महाजनांनी धड पाहिलंही नाही. "परवानगीशिवाय घेतलेलं रीडिंग अहवालात जात नाही." नियम बरोबर आहे, त्यानेच डोकं फिरतं. म्हटलं, मग परवानगीने घेऊ. "खोदाई बुधवारी सुरू." म्हटलं, सही परत घेतो. "सही काय शेजारणीला दिलेली वाटी आहे, परत घ्यायला?"

११ फेब्रु., मंगळ.
पत्र पाठवलं. अहवाल चुकीचा, खोदाई थांबवा, कारण १२ आणि १३. प्रती महाजन, बिल्डर, वॉर्ड ऑफिस, शैलाताई. आधी "मानवी चूक" लिहिलं होतं. खोडून "माझी चूक".

फोन फक्त शैलाताईंचा. "बाकीचे काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"बरं. उद्या आठला या. आम्ही प्लॉटच्या गेटवर बसतोय. मशीन आलं की ते चित्र तुम्ही समजवायचं. मुकादमाला कळेल असं. उगाच इंग्लिश झाडू नका."

मोठी प्रिंट काढली. बारा-तेराजवळ हादऱ्याचा वेग लिहायला घेतला होता. तो खोडून जाड पेनाने "विहीर" लिहिलं. मग फील्डची वही उघडली. "पूजेची जागा" ही जुनी ओळ खोडली नाही, राहू दे तशीच. तिच्यापुढे तेच लिहिलं.