चढलेला सूर

प्रिय रालित्सा,

सकाळी तुझा फोन आला आणि मला वेड्यासारखा आनंद झाला. इतक्या दिवसांनी तुझा आवाज! पण तू साधी विचारपूससुद्धा केली नाहीस. "कामेन, सोफियाच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तुझा प्रोग्राम बिघडलाय. सूर सपाट लागतोय, प्लोव्दिवच्या फेरीसारखी धारच नाही. उद्या स्पर्धेची अंतिम फेरी आहे, काहीतरी कर ना रे!" मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवून भिंतीवर बूट फेकला. खालून दोन्कामावशी ओरडली, "अरे, घर पाडतोस काय माझं?"

कॉलेज सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, "एका मुलीपायी?" मी म्हटलं, "एका प्रोग्रामपायी." ते दोन्ही एकच, हे तिलाही कळत होतं. तुमच्या गावात दोघीदोघी गातात, एक गाणं म्हणते, दुसरी एकच सूर बराच वेळ धरून ठेवते. तुझी जोडीदारीण जर्मनीला निघून गेली आणि तू रडलीस, म्हणून मी सी भाषेत तो प्रोग्राम लिहिला. तूच धरलेला, आधी रेकॉर्ड केलेला सूर तो तुझ्यामागे वाजवत राहायचा. माझ्या बाल्कनीत मिरच्या भाजताना तू पहिल्यांदा त्याच्याबरोबर गायलीस. सगळ्या मिरच्या जळाल्या, आणि आपण त्या तशाच पावाबरोबर खाल्ल्या.

प्लोव्दिवच्या फेरीला "तू येऊ नकोस, तुझं डोकं तापतं," म्हणालीस. मी आलो होतो. शेवटच्या रांगेत बसलो होतो. सूर सुरू झाला. तो वर चढला होता! माझा प्रोग्राम आवाजाचे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे धरून चालतो, समोरच्या मशीनला विचारतच नाही. त्या हॉलचं मशीन अठ्ठेचाळीस हजार वाजवत होतं, म्हणजे जास्त वेगानं, म्हणून सूर चढला. दुसरी कुणी असती तर त्याच्यामागे घसरली असती. तू तसूभर हलली नाहीस. दोन सूर एकमेकांना घासले, घंटेसारखे झणझणले, आणि परीक्षकांतली म्हातारी उठून म्हणाली, "अगं पोरी, आमच्या शेतातल्या बायका अश्शाच गायच्या! कुणाची ही करामत?"

तू माइक घेतलास. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा होतो, रालित्सा. तू म्हणालीस, "तिहोमिरची." तुझ्या वायरी गुंडाळणारा तिहोमिर! आणि तोही वाकून म्हणतो कसा, "फार मेहनत घेतली हो त्यावर." मग तू त्याचा हात धरलास. टाळी द्यायला नव्हे.

तेव्हा ऐक. सोफियात काहीही बिघडलेलं नाही, तिथे प्रोग्राम बरोबर चाललाय. तुला हवी आहे ती माझी चूक. ती पाठवतोय. दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे या पत्रासोबत पेनड्राइव्ह देतोय. त्यातला प्रोग्राम आता कुठल्याही मशीनला अठ्ठेचाळीस हजारच वाजवायला लावतो. उद्या तू जिंकशील. फोनवर मी नुसता ओरडलो असतो, म्हणून एकच गोष्ट मागायला हे लिहिलं. पुन्हा कुणी विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस, पण त्याचंही घेऊ नकोस. ती एक चूक होती, एवढंच सांग. आणि तरीही त्याचं नाव घेतलंस, तर मी काय करणार आहे? काही नाही. तेच तर दुखतंय.

लाज वाटते, पण अजून तुझाच,
कामेन