अठ्ठेचाळीस किलोच्या आत

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत वरच्या गटात पुन्हा उतरायचं म्हणतेस, आणि रिंगच्या कोपऱ्यात मामाच हवा म्हणतेस. तीनदा वाचलं. उत्तराला आठ दिवस लागले. हॉलमध्ये पोरींना बॉक्सिंग शिकवायचं फार काम होतं असं लिहिणार होतो, पण आता हॉलमध्ये काम उरलंय कुठे?

उजव्या कानाचं कसं आहे? तुझी आई सांगत होती, तू हल्ली फोन डाव्या कानाला लावतेस आणि विचारलं की सवय बदलली म्हणतेस. तिला फसव, मला नको. आणखी एक तसाच ठोसा बसला तर तो कान गेला, असं डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्यावर तू हसून म्हणालीस, दुसरा आहे की. डॉक्टरसुद्धा हसले. मी मात्र त्यांनी लिहून दिलेला कागद खिशात जपून ठेवला.

अकरा वर्षांची होतीस तेव्हा आईने तुला माझ्याकडे आणलं, ते घरात धाकट्या भावाला बडवतेस म्हणून. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं मी दिसेल त्याला सांगत सुटलो. तू ते खरं करून दाखवलंस. सलग तीन वर्षं अठ्ठेचाळीस किलोच्या आतल्या गटात पहिली! ठोसा मारून तू जागेवर परत यायचीस तेव्हा कुठे समोरचीला तो लागायचा.

मग संघटनेने तो गटच काढून टाकला. खेळाडू कमी, प्रेक्षक कमी, लोकांना धिप्पाड माणसं पडताना बघायची असतात. त्या बैठकीला मीही होतो हे तुला ठाऊक आहे. आता सगळ्यांत खालचा गट अठ्ठेचाळीसच्या वर सुरू होतो, आणि तुझ्या तर खाल्लेलं अंगालाच लागत नाही. मागच्या स्पर्धेत वजनाच्या दिवशी बाकीच्या पोरी प्लास्टिकचे कोट घालून घाम गाळत होत्या, आणि आपण दोघं जिन्यात बसून पाण्याची बाटलीमागून बाटली रिचवत होतो. काट्यावर जेमतेम अठ्ठेचाळीस किलो शंभर ग्रॅम भरलीस आणि आपण टाळ्या दिल्या. किती मूर्ख होतो मी! टाळी देताना माझ्या लक्षातच आलं नाही की समोरची छप्पन्न किलोवरून वजन उतरवून आलीय. दुसऱ्या फेरीत तिचा हात कानावर बसला आणि तू माझा कोपरा सोडून भलत्याच कोपऱ्याकडे चालत गेलीस. ते चालणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मागच्या आठवड्यात दोन नव्या मुली आल्या होत्या. एक त्रेचाळीस किलो, एक पंचेचाळीस. त्यांनी भिंतीवरचा नवा तक्ता वाचला आणि आमचा गट कुठला म्हणून विचारलं. खा भरपूर, एवढंच बोलू शकलो. परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक गट काढायचं चाललंय. तुझ्यासारख्या मुली यापुढे या खेळात दिसणार नाहीत, चिमणे. मला तरी काही आशा वाटत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. त्या बैठकीत गट ठेवा म्हणून दोन हात वर गेले, काढा म्हणून दोन. पाचवा मी. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, की गट राहिला तर लोक म्हणतील, भाचीसाठी ठेवला. मी काढा म्हणून हात वर केला आणि मान ताठ करून घरी आलो. नंतर तू अध्यक्षांना तोंडावर नाही नाही ते बोललीस. त्यांचं मत तुझ्या बाजूने होतं. ते बिचारे गप्प राहिले, आणि मी शेजारी मूग गिळून उभा होतो. तुझा कान त्या पोरीने नाही, मी घालवला. काल डॉक्टरांचा कागद जोडून संघटनेला कळवलंय की तुला उतरू देऊ नये. ते आता उतरू देणार नाहीत. आधी तुझा गट काढला, आता तुलाच काढलं, दोन्ही माझ्याच हाताने. या वेळी मात्र भाचीसाठीच केलं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.

तू तोंड पाहिलं नाहीस तरी तुझाच,
मामा