बटणांच्या डबीतला आवाज

३ फेब्रुवारी

ती. काकास,
सा. न. वि. वि.

पत्राबरोबरचं पार्सल उघडण्याआधी खुर्चीत बस आणि घोटभर पाणी पी. आत तुझी डबी आहे. हो, तीच, गुलाबाच्या चित्राची. मी कॉलेजात असताना तू मला बनवून दिलेलं, गिटारचा आवाज बदलणारं पेडल, जे पायाशी असल्याशिवाय मी गिटारला हात लावत नाही. ते जळलंय. मी जाळलं नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत जळलं.

आम्ही नेहमीसारखे गालिच्यांच्या गोदामात सराव करत होतो. आमचा ड्रमवाला दिवसा गुरांचा डॉक्टर असतो. माणूस सोन्यासारखा, पण तो मदतीला धावला की मला धडकी भरते. मी वायर शोधत होते, तेवढ्यात त्याने डबीला कीबोर्डचा ॲडॅप्टर लावून टाकला. टोक भोकात बसलं म्हणजे चालणारच, असं त्याचं म्हणणं. आतून धूर निघाला. मग त्याने डबी उलटीपालटी केली, आजारी वासराला बघावं तशी बघितली आणि मान हलवली.

हसू नकोस. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे आणि त्यात पहिल्यांदाच मी बांधलेली चाल वाजणार आहे. ती सुरूच होते या डबीच्या आवाजाने. दुसरं पेडल लावून वाजवली, तर ती जमेचना. आमच्या गायिकेने अगदी प्रेमाने सांगितलं, की तो आवाज परत आला नाही तर ही चाल या खेपेला बाजूला ठेवू. मी बरं म्हटलं आणि घरी येऊन रडले. प्रयोगशाळेत रोज मी लोकांच्या दंडातून रक्त काढते, माझ्यामुळे रडणारे पुष्कळ आहेत, पण मी स्वतः सहसा रडत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर सगळी पेडलं पत्र्यासारखी वाजतात, हे तुझंच मत. काकूला नमस्कार सांग. तुझा लोभ आहेच, आता तो जरा सोल्डरच्या रूपाने दिसू दे.

तुझी,
ठिणगी


१० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबी मिळाली. झाकण उघडलं आणि आत कोळशाची खाण दिसली. एकही भाग ओळखू येईना. गुरांच्या डॉक्टरांना माझ्या दुकानात पाठव. त्यांना चांगला चष्मा करून देतो, म्हणजे पुढच्या वेळी ॲडॅप्टरवरचे आकडे दिसतील.

पण काळजी करू नकोस. या पेडलचा नकाशा माझ्याकडे भिंतीवर आहे. रविवारी काकूला घेऊन बसलो आणि आतलं सगळं नव्याने बांधलं. आमची पद्धत तुला माहीत आहेच. रेझिस्टर नावाच्या त्या बारक्या भागाचं मूल्य त्याच्या अंगावरच्या रंगांच्या पट्ट्यांवरून वाचायचं असतं, आणि मला हिरवा न् तपकिरी एकच दिसतात. जगाला चष्मे विकणाऱ्या माणसाचे डोळे असे, यावर काकूचा जीव आहे. पाहुणे आले की ती हे सांगितल्याशिवाय त्यांना सोडत नाही. तर ती खिडकीशी बसून एकेक पट्टा मोठ्याने वाचते, बसचे थांबे पुकारावेत तशी, आणि मी तो भाग सोल्डर करून जोडतो. वर मीटर लावूनही पाहिलं. सगळं बिनचूक.

इकडे सगळं ठीक. भंगारवाल्याकडे एक जुनं, गंजलेलं पेडल मिळालं, उघडून दुरुस्त केलं. दुकानातल्या फ्रेमांच्या कपाटात आता जागा नाही, म्हणून ते सध्या चमच्यांच्या खणात आहे. काकूचं म्हणणं, सूप ढवळायला काढलं तर चालेल का. बघू किती दिवस हसते.

डबी सोबत पाठवतो. चाल दणक्यात वाजव. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस आणि ड्रमवाल्याला चार हात लांब बसव.

तुझा,
काका


१७ फेब्रुवारी

ती. काकास,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. डबी आली, झाकणावरचे गुलाब पुसून ती पायाशी ठेवली, दाबली, वाजवली. आवाज खणखणीत आहे. भरदार, गुळगुळीत, कुठे खरखर नाही. दुकानातून आणलेल्या महागड्या पेडलला मान खाली घालायला लावील असा. फक्त हा तो आवाज नाही.

जुना आवाज आठवतो का तुला? तार छेडली की तो आधी घसा खाकरायचा. मग यायचा, पण सरळ नाही, अडत अडत. स्वर विरत आला की तुटायचा, पुन्हा यायचा, पुन्हा तुटायचा. कुणीतरी रुसून बसलंय, बोलायचं तर फार आहे, पण आधी कोण बोलणार म्हणून अडलंय, असा. माझी चाल त्या अडण्यावरच बांधलेली आहे रे. गुळगुळीत आवाजावर ती चालच राहत नाही, नुसते सूर राहतात.

गायिकेने पंधरवडा दिला आहे, मग कार्यक्रमाची यादी छापायला जाईल. ड्रमवाला इतका ओशाळलाय, की रोज माझ्यासाठी खारे शेंगदाणे आणतो. डबी सोबत परत पाठवतेय. तुला पुन्हा त्रास देताना जिवावर येतंय, पण दुसरं कुणाला सांगू?

काकूला नमस्कार. रागावला असलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठिणगी


२२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या काकाला ठाऊक नाही. तू वाचून लपवून ठेव.

तुझं पत्र आल्यापासून त्याने खाणंपिणं सोडल्यात जमा आहे. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलंय, हा अक्षरांचा तक्ता दाखवतोय आणि तोंडाने पुटपुटतोय की डबीतला ट्रान्झिस्टर बदलून बघतो. सगळं बदलून पाहिलं. आवाज दर वेळी आणखीच शहाणा होतो. खरं सांगायचं तर नवी डबी वाजली तेव्हाच मला स्वयंपाकघरात वाटलं होतं, की हिच्यात काहीतरी कमी आहे. पण असल्या गोष्टीत मला कोण विचारतो.

काल तुझं पत्र मी परत वाचलं. रुसून बसल्यासारखा आवाज, असं तू लिहिलंयस ना, तिथे माझी ट्यूब पेटली. ती डबी माझ्या आईची. तिच्यात आईने जमवलेली बटणं असायची. मी बहिणीकडे गेले होते, तेवढ्यात या गृहस्थाने बटणं सूपच्या वाडग्यात ओतली आणि डबीला भोकं पाडली. का, तर पत्रा छान होता. परत येऊन मी वाडगा बघितला आणि आठवडाभर त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही.

आता बघ. अबोला होता, म्हणजे रंग वाचायला मी नव्हते, आणि मीटर त्याने तेव्हा घेतलंच नव्हतं. मला विचारायची त्याची हिंमत झाली नसणार. त्याच्या सगळ्या पेडलांत तेवढं एक त्याने एकट्याने, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून केलं. आणि ते पहिल्यांदा वाजलं, तेव्हा तो आवाज हुबेहूब त्याच्यासारखा होता. दारात उभं राहून घसा खाकरायचा, तोंड उघडायचं, मिटायचं. मला इतकं हसू आलं की अबोला तिथेच संपला. डबी मग मीच तुला द्यायला सांगितली.

कुठला रंग तो चुकला, हे मला माहीत नाही आणि त्यालाही नाही. विचारलं तर तो चारदा तपासून बरोबरच करणार. तेव्हा उद्यापासून मी त्याच्याशी बोलणार नाही. मीटरही लपवलं आहे. जमेल का शंका आहे. रुसायला कारण नसलं की फार अवघड जातं.

काळजी करू नकोस, शेंगदाणे जपून खा, आणि काकूवर लोभ आहे तो दुप्पट कर.

तुझी,
काकू


१ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबी सोबत आहे. आधी वाजव, मग पुढचं वाच.

वाजवलीस? आता ऐक. सोमवारी सकाळी तुझी काकू उठली आणि बोलेना. चहा दिला, तोंड फिरवलं. मी विचारलं काय झालं, तर खिडकीबाहेर बघत बसली. काय केलं असेन ते आठवेना, म्हणून मी आपणहून एकेक कबूल करत गेलो. भंगारवाल्याकडून एक नाही, तीन पेडलं आणली होती, दोन तिच्या टोप्यांच्या खोक्यात आहेत. तिची कात्री तारा कापायला वापरली. तिच्या बहिणीचा फोन आला होता तो सांगायला विसरलो. दर वेळी तिची नजर आणखी कडक होत गेली. आता मला कळतंय की यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

घर कसं खायला उठलं सांगू. रेडिओ लावला, बंद केला. मीटर शोधलं तर तेही गायब. शेवटी तुझी यादी छापायला जाणार म्हणून एकटाच बसलो, दिव्याखाली डोळे ताणून पट्टे वाचले आणि डबी तिसऱ्यांदा बांधली. मनात आशा अशी नव्हतीच. तार छेडली. डबीने घसा खाकरला, बोलायला गेली, अडली, तुटली, पुन्हा आली. मी पुन्हा छेडली, पुन्हा तसंच. आणि आतल्या खोलीतून तुझी काकू पोट धरून हसत आली. तिला चार दिवस गप्प बसायचं इतकं जड गेलं होतं, की पुढे तासभर ती थांबलीच नाही. मी सगळं ऐकून घेतलं. फार बरं वाटलं.

मीटर शिवणाच्या मशीनच्या खणात निघालं. लावून पाहिलं, एका रेझिस्टरचा हिरवा पट्टा मी तपकिरी वाचला होता, आणि तपकिरी हिरवा. इतकी वर्षं तू जो आवाज माझी कमाल म्हणून मिरवलास, तो माझ्या डोळ्यांचा गोंधळ आहे. काय म्हणावं?

आम्ही दोघं कार्यक्रमाला येतो. पहिली रांग नको, काकू बोलते. तुझ्या मनात आमची जागा मात्र पहिल्या रांगेत ठेव.

तुझा,
काका


१६ मार्च

ती. काका-काकूंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही रात्रीच्या गाडीने परत गेलात आणि बोलणं राहूनच गेलं. शिवाय काही गोष्टी मला लिहूनच सांगता येतात.

डबी पायाखाली दाबताना मी फार घाबरले होते. मग तिने घसा खाकरला आणि मला एकदम धीर आला, कारण तुमचं स्वयंपाकघर, तो दरवाजा, काका त्यात उभा, सगळं दिसलं. चाल संपली आणि टाळ्या पडायच्या आतच तिसऱ्या रांगेतून काकू शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती, की ती डबी माझ्या आईची. सगळ्या सभागृहाने ऐकलं. मग टाळ्या पडल्या त्या माझ्यासाठी की डबीसाठी, याचा निकाल अजून लागलेला नाही.

यादीत चालीचं नाव तुम्ही वाचलंच. छापखान्यातून निरोप आला होता, की नाव नसेल तर नुसता क्रमांक टाकतो. मी ‘अबोला’ लिहून दिलं. काका, तू यादी वाचत होतास तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, पण ड्रमवाल्याने पाहिलं. तो म्हणाला की तू काकूचा हात धरला होतास.

त्याचीच एक विनंती आहे. त्याला असं एक पेडल हवंय, त्याच्या धाकट्या बहिणीसाठी, ती नुकती गिटार शिकायला लागली आहे. मी सांगितलं की आमच्या घरात एवढ्या कारणासाठी काकूला पुन्हा गप्प बसवणं कुणाला परवडायचं नाही. तरी विचारते.

तुमच्या दोघांच्या मायेवर माझी चाल उभी आहे, हे आता जगजाहीर झालं. ती तशीच राहू दे.

तुमची,
ठिणगी


२८ मार्च

चि. ठिणगीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

सोबतची डबी गुरांच्या डॉक्टरांच्या बहिणीला दे. ही माझी सुयांची. निळी, वर बदकं आहेत. या वेळी तिच्यातल्या सुया-दोरे मी स्वतः बाहेर काढले आणि भोकं कुठे पाडायची तेही मीच खडूने आखून दिलं. तुझा काका ड्रिल हातात घेऊन माझ्याकडे दोनदा बघत राहिला, मी हो म्हटल्यावर मगच त्याने चालवलं.

रविवारी खिडकीशी बसलो. मी एकेक पट्टा वाचत होते, तो सोल्डर करत होता. त्या रेझिस्टरपाशी आलो तसा तो थांबला. कुठला आहे ते आता मीटरने कळलंच आहे, तेव्हा चुकायची सोय उरली नाही. मी तपकिरीला हिरवा म्हटलं, हिरव्याला तपकिरी. त्याने हातातला भाग खाली ठेवून मला विचारलं, की नक्की का. मी म्हटलं, नक्की चूक आहे, लाव.

त्याने लावला. डबी वाजवली, तिने घसा खाकरला. मग मला म्हणाला, की ते चार दिवस त्याला फार वाईट गेले, पुन्हा कधी खोटंखोटंसुद्धा गप्प बसू नकोस. एवढं बोलायला त्याला किती वर्षं लागली बघ. अडत अडतच बोलला, पण पूर्ण बोलला.

तेव्हा अशी डबी आणखी कुणाला हवी असेल तर खुशाल कळव. रिकामे डबे माझ्याकडे बरेच आहेत, आणि ती चूक आता आम्ही दोघं मिळून करतो.

तुझी,
काकू